सहा मीटरची रिबन आणि ठाण्याची वाट

पालघर : बोईसर-तारापूरच्या औद्योगिक परिसरातील एखाद्या मुलीने रिदमिक जिम्नॅस्टिक्स शिकण्याचा हट्ट धरला, तर शिकवणार कोण, हाच पालकांचा पहिला प्रश्न असेल. त्याचे उत्तर ठाण्यात सापडते. (१ ऑगस्ट २०१४ पर्यंत पालघरही ठाणे जिल्ह्यातच होते.)

२०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय रिदमिक संघातून ठाण्याच्या पूजा सुर्वे खेळल्या. पुढे त्या प्रशिक्षणाकडे वळल्या. त्यांची शिष्या संयुक्ता काळे हिने जून २०२२ मध्ये पंचकुला येथील खेलो इंडिया युवा स्पर्धेत पाच सुवर्णपदके पटकावली.

तेरा मीटरच्या चौरसात, दीड मिनिटाच्या आत ही कसरत संपते. त्यात सर्वांत हट्टी साधन रिबन. वरिष्ठ गटात तिची लांबी सहा मीटर. ती सतत हलती हवी. गाठ पडली की गुण गेले. वाऱ्याच्या झुळकीनेही ती भरकटते, त्यामुळे भर उन्हाळ्यातही पंखा नकोसा होतो! मनगटाच्या कोणत्या चुकीने गाठ पडली, हे स्वतः ती सोडवलेल्यालाच चटकन दिसते. खेळाडूची स्पर्धात्मक कारकीर्द मात्र अल्प असते. तिने नंतर मैदानाकडे पाठ फिरवली, तर ही नजरही तिच्यासोबतच जाते.

डहाणूपर्यंत लोकल २०१३ मध्ये आली. तरीही शाळा सांभाळून बोईसर-ठाणे रोजचा प्रवास लहान मुलीला झेपणारा नाही. सुर्वे यांच्यासारख्यांच्या हाताखाली तयार झालेली एखादी खेळाडू इकडच्या शाळेच्या सभागृहात शिकवू लागली, तर तो वाचेल. छत तेवढे उंच हवे. हूप वर फेकायचा असतो.