धार बारीक, घागर कोणती?

गेल्या वर्षीच्या गणपतीतली गोष्ट. ताईकडे लालबागला पाच दिवसांचा गणपती असतो. गिरगावातून आम्ही उभयता दर्शनाला गेलो होतो. रात्रीचे दहा वाजून गेले होते. खाली रस्त्यावर ‘राजा’च्या दर्शनाला आलेल्यांची अशी गर्दी की मुंगीला शिरायला वाव नव्हता. वर चाळीच्या गॅलरीत आरतीच्या टाळांचा नाद अजून घुमत होता. आणि खोलीच्या कोपऱ्यात आमची भाची हातात फोन धरून रडवेली होऊन बसली होती. एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची ती शेवटची रात्र. बाराच्या ठोक्याला दार बंद होणार होते.

“मामा, पान निम्मे उघडते आणि मग नुसते चाक फिरत राहते,” ती म्हणाली.

भाचीपुढे आपली अक्कल मिरवण्याची अशी संधी कोणता मामा सोडील? मी ऐटीत माझा फोन काढला. त्यात इंटरनेटची पाने आवळून, हलकी करून आणणारा एक ब्राउझर मी मुद्दाम ठेवला होता. पान चटकन उघडले! ताईने कौतुकाने पाहिले, भावोजींनी चहा टाकायला सांगितला. भाचीने नाव, पत्ता, गुण सारे भरले, फोटो जोडला आणि शेवटचे बटण दाबले. दाबताच भरलेले सारे पुसले जाऊन कोरा करकरीत अर्ज पुन्हा समोर उभा! अकराला दहा मिनिटे उरली होती. भावोजींचा चहा निवत होता आणि माझा चेहरा उतरत होता.

चूक अर्जाची नव्हती, ब्राउझरचीही नव्हती. चूक मामाची होती. ती कोणती आणि पुढे काय झाले, ते शेवटी सांगतो. पण त्या रात्रीनंतर मी या विषयाच्या पाठीस लागलो, आणि जे हाती आले ते आपल्यासारख्या चार कुटुंबांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडतो.

नळाची गोष्ट

चाळीत वाढलेल्या माणसाला इंटरनेटचा वेग समजावून सांगणे अगदी सोपे आहे. पहाटेचा सार्वजनिक नळ आठवा. तोटी सोडल्यावर पहिला थेंब पडायला वेळ लागे, ती एक अडचण. पाणी आल्यावर धार करंगळीएवढीच, ही दुसरी. आणि रांगेत पंचवीस बिऱ्हाडे, ही तिसरी. इंटरनेटचेही नेमके असेच आहे. मागितलेले पान यायला सुरुवात होण्यास लागणारा वेळ निराळा, धारेची जाडी निराळी, आणि एकाच मनोऱ्यावर किती फोन तहानलेले आहेत, हे आणखी निराळे. गणपतीत लालबागला फोन मंदावतो तो याच तिसऱ्या कारणाने. मनोरा तोच, पण रोजच्या रहिवाशांच्या जोडीला हजारो पाहुणे त्याच नळावर घागरी लावून उभे!

गिरगावातल्या जुन्या इमारतींत आणखी एक तऱ्हा. भिंती जाड, खोल्या एकीमागे एक. गॅलरीत फोन खणखणीत चालतो आणि मधल्या खोलीत मुका होतो. म्हणून लॅमिंग्टन रोडला जाऊन नवे यंत्र खरेदी करण्याआधी फोन घेऊन गॅलरीपर्यंत चार पावले जाऊन पाहावे. ते फुकट असते.

आता थोडे गणित. वेग ‘किलोबिट’मध्ये सांगतात आणि पानाचे वजन ‘किलोबाइट’मध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे वेगाच्या आकड्याला आठाने भागले की सेकंदाला खरोखर किती माल घरात येतो ते कळते. आपल्या फोनचा दिवसाचा दीड-दोन जीबीचा कोटा संपला की बहुतेक कंपन्या वेग ६४ किलोबिटांवर आणतात. म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. आणि आजकालचे साधारण पान असते दोन-अडीच मेगाबाइटांचे! ते पुरते उतरायला पाच मिनिटे लागतात. तेवढ्यात चहा होतो, पण बातमी होत नाही.

पाचशे रुपयांचे शहाणपण

हे ऐकून एखाद्या जुन्या वाचकाला हसू येईल, कारण त्याने याहूनही बारीक धारेवर दिवस काढले आहेत. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. ते आणले विदेश संचार निगमाने, म्हणजे फोर्टमध्ये ज्याची उंच इमारत होती त्या व्हीएसएनएलने. घरच्या टेलिफोनला मोडेम जोडायचा, मग त्यातून किंचाळ्या आणि खरखर ऐकू यायची, आणि तेवढा वेळ घरचा फोन ‘एंगेज’. वेग म्हणाल तर ९.६ किलोबिटांपर्यंत! मुंबईतल्या पहिल्या हौशी मंडळींत मलबार हिलचे शम्मी कपूर होते. पुढे इंटरनेट वापरणाऱ्यांची एक संघटनाही त्यांनी उभी केली.

विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत एक खाते मिळे. त्यात चित्रे नाहीत, रंग नाहीत. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे. पाने पाहायची ती ‘लिंक्स’ नावाच्या ब्राउझरमधून. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात १९९२ साली तो तयार झाला होता. गंमत अशी की त्या मुंगीच्या पावलांच्या वेगातही वाचनाचे काम अडत नसे. नुसत्या इंग्रजी अक्षरांचे सहा हजार अक्षरी पान पाच सेकंदांत समोर येई. ज्यांच्याकडे चित्रे दाखवणारा ‘नेटस्केप’ होता त्यांतले हुशार लोकही त्यातली चित्रे आपोआप उतरण्याची सोय बंद करून ठेवीत. लागेल तेवढेच चित्र बोट दाखवून मागवीत.

जानेवारी २००५ मध्ये एमटीएनएलचे ‘ट्रायबँड’ आले आणि २५६ किलोबिटांचा वेग मुंबईकराला राजवाड्यासारखा वाटला. सरकारी धोरणाने २००४ साली त्याच वेगाला ‘ब्रॉडबँड’ ही पदवी दिली होती. २०२३ पासून ती पदवी मिळवायला २ मेगाबिट, म्हणजे त्याच्या सुमारे आठपट वेग लागतो. नळ रुंद झाला, पण घागरीही तेवढ्याच फुगल्या. पूर्वीच्या पानात मजकूर असे. आज मजकुराभोवती जाहिराती असतात, आपोआप नाचणारी चित्रे असतात, आणि आपण काय वाचतो याची टिपणे ठेवणारे अदृश्य कारकूनही असतात. धार बारीक असली की हा सारा लवाजमा आपल्या घोटभर पाण्याच्या पुढे रांगेत उभा राहतो.

तेव्हा मुख्य मुद्दा हा, की कोणताही ब्राउझर नळाची धार वाढवू शकत नाही. तो फक्त नको ते सामान दाराबाहेर ठेवू शकतो. कोण काय बाहेर ठेवतो, एवढेच पाहून निवड करायची.

नावे अनेक, घराणी तीन

बाजारात ब्राउझरची नावे पुष्कळ, पण घराणी मोजकीच. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंगचा ब्राउझर ही सारी एकाच ‘क्रोमियम’च्या घराण्यातली. फायरफॉक्सचे घराणे निराळे आणि अॅपलच्या सफारीचे तिसरे. म्हणून एक काढून दुसरा घातला की जादू होईल, अशी आशा धरू नये. फरक असतो तो सवयींत.

काही जुनी नावे आता विसरावीत. ‘यूसी ब्राउझर’ एके काळी आपल्याकडे घरोघरी होता. जून २०२० मध्ये सरकारने ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली त्यात तो गेला. क्रोममध्ये डेटा वाचवणारी ‘लाइट मोड’ होती, ती २०२२ साली बंद झाली. इंटरनेट एक्सप्लोरर त्याच वर्षी निवृत्त झाला. “जुना ब्राउझर हलका असतो” म्हणून तोच धरून बसणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यांना सांगावेसे वाटते की मोडक्या कडीचे दारही हलकेच असते! चोरांना अडवणाऱ्या दुरुस्त्या नव्या आवृत्तीतच येतात.

आता कामाप्रमाणे निवड कशी करावी ते पाहू.

पहिले काम वाचनाचे. बातम्या, लेख, पाककृती, रेल्वेचे वेळापत्रक. येथे जाहिराती अडवणारा ब्राउझर घ्यावा. ब्रेव्हमध्ये ही सोय मुळातच चालू असते. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये ‘यूब्लॉक ओरिजिन’ नावाचे एक्स्टेन्शन बसवता येते. त्यात ठरावीक वजनापेक्षा जड चित्रे न उतरवण्याचीही सोय आहे. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये मात्र अशी एक्स्टेन्शने बसत नाहीत. एवढे लक्षात ठेवावे की जाहिरातींवरच वृत्तपत्रांची चूल पेटते. जे पत्र आपण रोज आवडीने वाचतो, त्याच्यापुरती ही अडवणूक उठवावी, किंवा त्याची वर्गणी भरावी.

दुसरे काम अगदीच अडचणीच्या वेळचे. कोटा संपला आहे, गाडी बोगद्याच्या तोंडाशी आहे, आणि चार ओळी वाचायच्या आहेत. येथे ‘ऑपेरा मिनी’सारखी युक्ती कामास येते. तो २००६ साली जगभर मिळू लागला, तोच मुळी साध्या फोनांसाठी. त्याची पद्धत अशी की आपण मागितलेले पान आधी कंपनीच्या दूरच्या संगणकावर उतरते, तेथे त्याचे बोचके घट्ट आवळले जाते आणि मग ते आपल्याकडे येते. नव्वद टक्क्यांपर्यंत भार कमी होतो असा कंपनीचा दावा आहे. पण या पद्धतीची मेख त्यातच आहे. आपल्या आणि मूळ जागेच्या मध्ये एक तिसरा माणूस बोचके सोडतो आणि बांधतो. म्हणून ही जास्तीत जास्त आवळण्याची सोय चालू असताना बँकेचे व्यवहार करू नयेत. शिवाय जी पाने आपल्या फोनवर चालणाऱ्या लहान-लहान प्रोग्रामांवर उभी असतात, ती अशा आवळणीत लंगडी होतात.

तिसरे काम पैशाचे आणि अर्जांचे. येथे साधा, ताजा, कोणतीही छाटाछाट न करणारा ब्राउझर वापरावा. क्रोम असो, फायरफॉक्स असो वा सफारी. वेग हवा असेल तर ब्राउझर बदलू नये, भोवतालची गर्दी कमी करावी. इतर पाने बंद करावीत. फोन मागच्या दाराने फोटो किंवा ॲपांच्या नव्या आवृत्त्या उतरवत-चढवत असेल तर ते थांबवावे. घरातल्या दुसऱ्या कोणाचा सिनेमा त्याच वायफायवर चालू असेल तर त्याला दहा मिनिटे प्रेमाने उठवावे.

आणि एक तपासणी सर्वांआधी करावी. तेच पान शेजारच्या नव्या फोनवर, त्याच वायफायवर उघडून पाहावे. तेथे झटकन उघडले तर दोष नळाचा नसून आपल्या थकलेल्या फोनचा आहे. त्याला एका वेळी दोनच पाने द्यावीत, वीस नव्हेत. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर आपण वीस घागरी देत नाही.

पुन्हा लालबागला

आता त्या रात्रीकडे वळतो. माझी चूक आपल्या ध्यानात आलीच असेल. वाचनाची घागर मी अर्जाच्या कामाला लावली होती. आवळून आणलेल्या पानावर अर्ज भरायला गेलो आणि सारे ओघळून गेले.

शेजारच्या बिऱ्हाडातला एक तरुण दारात उभा राहून आमची तारांबळ पाहत होता. तो म्हणाला, “काका, आधी तो फोटो बघू.” कॅमेऱ्यातून निघालेला भाचीचा फोटो चार मेगाबाइटांचा होता! ६४ किलोबिटांच्या धारेने तो वर चढवायला आठ मिनिटांवर वेळ लागला असता. पोराने तो कापून, लहान करून शंभर किलोबाइटांवर आणला. म्हणजे त्याच धारेने तेरा सेकंदांचे काम. मग तो म्हणाला, “तळमजल्यावर छापखाना आहे. त्यांचे इंटरनेट वायरीवरून येते. रस्त्यावरच्या गर्दीचा त्याला त्रास नाही.” छापखानेवाले काका प्रसादाला वर आलेलेच होते. त्यांनी किल्ली काढली.

भाची, तो तरुण आणि मी असे तिघे शाईच्या वासात स्टुलांवर बसलो. साधा ब्राउझर उघडला, बाकीची सारी पाने बंद केली, आणि अर्ज पुन्हा पहिल्या अक्षरापासून भरला. बारा वाजायला तेरा मिनिटे असताना पोचपावती पडद्यावर आली. भाचीने तिचा लगेच फोटो काढून ठेवला, आणि हेही शिकण्यासारखेच!

वर आलो तेव्हा ताईने देव्हाऱ्यापुढे साखर ठेवली. शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचे पत्र मार्चमध्ये आले, आणि पोरीच्या पुढच्या वर्षाच्या फीची ताईची काळजी मिटली. भावोजींनी मात्र त्या रात्रीचा हिशेब तेव्हाच चुकता केला होता. नवा चहा माझ्या हातात देत ते म्हणाले, “मामा हुशार खरे, पण घागर चुकले!”