वावर विकण्याआधी

16 एप्रिल 2025 ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं प्रवासी विमान उडालं. तिथेच एअर इंडियाची प्रशिक्षण अकादमी ठरली आहे: 34 शिकाऊ विमानं, वर्षाला 180 वैमानिकांचं उद्दिष्ट. तेव्हापासून मोर्शीत बारावी सायन्सची पोरं असलेल्या घरांतून एकच प्रश्न येतो, "पोरगा पायलट झाला का दोन वर्सात पैसा निंगून जाते ना भाऊ?"

नाही निघत. आणि संत्र्याचं वावर विकण्याआधी हे कळायला हवं.

पहिला घोळ खर्चाचा. लोक फक्त परवान्याची फी धरतात. व्यावसायिक परवान्याला 200 तासांचं उड्डाण लागतं. देशात त्याचे साधारण 45 ते 60 लाख होतात. तेवढ्यावर कंपनीचं विमान हाती येत नाही. एअरबस असो की एटीआर, त्या-त्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्याला टाइप रेटिंग म्हणतात आणि त्याचे बहुधा आणखी पंधरा-वीस लाख. कंपन्यांचे कॅडेट कोर्स तर कोटीच्या वर जातात. अकादमी जिल्ह्यात आली म्हणून फी उतरत नाही.

मग पगार. महिन्याला आठ लाख हा जो आकडा कानावर येतो, तो कॅप्टनचा. त्यासाठीच्या परवान्याला 1500 तास लागतात, वर पाळी येईपर्यंत थांबणं आलंच. नवा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, लाख-दोन लाखांवर सुरू होतो. समजा 75 लाख कर्ज 10 टक्क्यांनी काढलं, तर नुसतं व्याजच महिन्याला 62,500 रुपये. मुद्दल वेगळंच. त्यात पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर असतो. 2020 मध्ये विमानं जमिनीवर आली तसे पगारही कापले गेले. एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज बंद पडली, तेव्हा अनुभवी कॅप्टनही घरी बसले.

परवाना म्हणजे नोकरी, हाही गैरसमजच. वाट पाहण्याच्या काळात वैद्यकीय तपासणी आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (नुसत्या उपकरणांच्या आधारे उडवण्याची पात्रता) दरवर्षी खिशातून ताजं ठेवावं लागतं. आंबिया बहार गळाला तर आपण मृगावर भिस्त ठेवतो. बँकेचा हप्ता बहार बघत नाही.

चष्म्याची मात्र भीती नको. चष्म्यासह नजर निकषात बसली तर चालते. फी भरण्याआधी क्लास 2 आणि मग क्लास 1 ही वैद्यकीय तपासणी उरकून घ्या. आणि संस्थेला थेट विचारा: मागच्या बॅचचे 200 तास किती महिन्यांत पूर्ण झाले?