राजाश्रयाकडून मताश्रयाकडे
तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु येथे दुसऱ्या सरफोजी राजांनी (कारकीर्द १७९८–१८३२) मुक्तांबाळ हिच्या स्मरणार्थ छत्र उभारले. त्यांच्या दरबारी कलावंताची पारख राजा करी. २००५ साली ‘इंडियन आयडॉल’ या दूरचित्रवाणी-स्पर्धेत अभिजीत सावंत विजयी झाला, तो प्रेक्षकांच्या मतांनी. त्याच वर्षी त्याचे ‘मोहब्बतें लुटाऊंगा’ घरोघरी पोचले. येथे क्रम उलटला आहे. पूर्वी गाण्यामुळे गायक लोकप्रिय होई. आता लोकप्रियता आधी सिद्ध होते, गाणे मागाहून येते. मत देणाराच पुढे ग्राहक होतो. परंतु मत एका रात्रीचे असते; राजाश्रय साधनेस वर्षे देई. ती वर्षे या नव्या आश्रयदात्याने कोठून द्यावीत, हा खरा प्रश्न होय.