पिल्ले का मरतात?
उसाला जोड म्हणून कोंबड्या पाळणारे विचारतात, "पेटीतून आलेली पिल्ले रोग दिसत नसताना मरतात कशी?" आम्ही म्हणतो, आधी मरणाचा दिवस बघा. पहिल्या दोन दिवसांत गेली, तर बहुधा प्रवासातली तहान किंवा गारठा. पोटातला बलक सुमारे ७२ तासच पुरतो. आल्याबरोबर गूळपाणी पाजा, ३५ अंश ऊब द्या. दिव्याखाली गर्दी म्हणजे ऊब कमी. आठवड्याच्या आत बेंबी ओली, पोट फुगलेले दिसले, तर बेंबीतला जंतुसंसर्ग. चोच उघडून धापा टाकत मेली, तर बुरशीचा संशय घ्या. माहीम-पालघरच्या दमट हवेत ओले तूस, बगॅस लवकर बुरसते, कोरडेच अंथरा. ताजे मेलेले पिल्लू पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. अंदाजाने औषध पाजू नका.