टेंगूळ उतरलं, म्हणजे झालं का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सासूबाई मागच्या अंगणात वाळत घातलेले कपडे काढायला गेल्या आणि शेवाळावरून घसरल्या. डोकं दगडी पायरीच्या कडेवर आपटलं. मी धावत गेले, तर त्या उठून बसून पदर सारखा करत होत्या. "काही नाही गं, जरासं लागलंय. त्याला ऑफिसात फोन करू नकोस हं, उगाच जिवाला घोर!" सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं. बर्फ लावला. संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखी भाजी निवडली. चार दिवसांत टेंगूळ उतरलं आणि आम्ही सगळं विसरून गेलो.

तीन आठवड्यांनी त्या सारखं "डोकं जड वाटतंय" म्हणू लागल्या. दुपारभर झोपून राहू लागल्या. एकदा चहात साखरेऐवजी मीठ पडलं, तेव्हा आम्ही हसलोसुद्धा. वय झालं, दुसरं काय! पण एका सकाळी त्यांच्या डाव्या पायातली चप्पल वाटेतच निसटली आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता, तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. सी. टी. स्कॅनमध्ये मेंदूवर रक्त साकळलेलं दिसलं. कवटीला बारीक भोकं पाडून ते काढावं लागलं. त्या बऱ्या झाल्या, हे आमचं नशीब. डॉक्टरांनी मला एवढंच विचारलं, "यांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे ना? मग पडल्या त्याच दिवशी का नाही आणलंत?"

मैत्रिणींनो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी टेंगूळ पाहत बसले होते, माणसाकडे पाहिलंच नव्हतं.

बाहेरची जखम आणि आतली इजा यांचा मेळ असतोच असं नाही. टाळूला छोटीशी खोक पडली तरी भळभळ रक्त येतं आणि आत काहीही झालेलं नसतं. उलट कानशिलापाशी कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक रक्तवाहिनी जाते. ती फाटली, तर काही तासांत रक्त साठून मेंदूवर दाब येतो. मधल्या वेळात माणूस चांगला बोलतो, चालतो, हसतो. नताशा रिचर्डसन ही इंग्रज अभिनेत्री मार्च 2009 मध्ये कॅनडात बर्फावर स्कीइंग शिकताना पडली. काही झालं नाही म्हणून तिने आधी उपचार नाकारले. तासाभरात डोकं दुखू लागलं आणि दोन दिवसांनी ती गेली. वय अवघं 45.

म्हाताऱ्या माणसांचं उलट असतं. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो, त्याच्यावरच्या शिरा ताणल्या जातात. लहानशा धक्क्यानेही त्यातून रक्त झिरपत राहतं आणि लक्षणं दिसायला कित्येक आठवडे जातात.

ताबडतोब दवाखाना गाठा

क्षणभरही शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, डोकेदुखी वाढतच चालली, फिट आली, बोलणं अडखळलं किंवा असंबद्ध झालं, हातापायातला जोर गेला, दिसायला दोन-दोन दिसू लागलं, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, कानानाकातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव आला, किंवा माणूस हलवूनही नीट जागा होईना, तर वाट पाहू नका. 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. मान दुखत असेल तर त्याला उठवू-बसवू नका.

काही जणांना तक्रार नसली तरी त्याच दिवशी दाखवावं: पासष्टी ओलांडलेले, रक्त पातळ करणारी गोळी घेणारे, दारू प्यायलेले, तीन फुटांहून उंचावरून किंवा चार-पाच पायऱ्यांवरून पडलेले, स्कूटरवरून पडलेले. वर्षाच्या आतलं बाळ पडलं तरी तसंच. त्याला "दुखतंय" सांगता येत नाही. ते सारखं रडतं, दूध घेत नाही, मलूल पडतं, नाहीतर त्याची टाळू फुगते. आईच्या नजरेला ते चटकन कळतं. त्या नजरेवर विश्वास ठेवा.

घरी काय करावं?

खोकेत हळद किंवा कॉफी कोंबू नका. स्वच्छ फडकं हलक्या हाताने दाबून धरा. पण हाड दबल्यासारखं लागलं तर दाबू नका. टेंगळावर बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं ठेवा. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने देऊ नका. डॉक्टरांनीच दिलेली रक्त पातळ करणारी गोळी असेल, तर पुढचा डोस त्यांना विचारूनच. गुंगीत असलेल्याला चहापाणी पाजू नका.

"डोक्याला लागलंय, झोपू देऊ नका," असं आपल्याकडे म्हणतात. झोपेने इजा वाढत नाही. माणूस नीट शुद्धीत असेल तर खुशाल झोपू द्या, फक्त पहिल्या रात्री जवळ कुणीतरी असावं. एकदोनदा हाक मारून पाहावी: नीट ओळखतो ना, सरळ उत्तर देतो ना? पहिले दोन दिवस त्याला एकटं ठेवू नये.

आणि एक छोटीशी गोष्ट. आता आमच्या घरी कुणी पडलं, तर मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, तारीख आणि वेळ लिहून ठेवते. पुढच्या महिन्यात कुणी विसरायला लागलं, पाय ओढायला लागलं, तर "वय झालं" म्हणण्याआधी मागचं पान उलटून पाहता येतं.

सासूबाई अजूनही म्हणतात, "उगाच कशाला गं?" मी म्हणते, "उगाचच असू दे, आई. रिक्षा बोलावलीय."