विश्लेषण : ज्येष्ठांसाठीच्या संकुलात राहायला जावे का? निर्णयाआधी काय तपासावे?

मुले बंगळूरु किंवा बोस्टनला, इमारत लिफ्ट नसलेली, घरकामाच्या मावशींच्या सुट्ट्या वाढलेल्या आणि त्यात गुडघेदुखी. अशा घरांत ‘आता आपण तिकडेच राहायला जाऊ’ हा विषय हल्ली उघडपणे बोलला जातो. ‘तिकडे’ म्हणजे केवळ ज्येष्ठांसाठी बांधलेल्या निवासी संकुलात. पुणे परिसरातील ‘अथश्री’ किंवा नेरळ येथील डिग्निटी फाउंडेशनचे संकुल ही या प्रकारातील परिचित नावे. आता बांधकाम क्षेत्रातील अनेक कंपन्या यात उतरल्या आहेत. माहितीपत्रकात बाग, ग्रंथालय आणि हसरी जोडपी दिसतात. पण या निर्णयात आयुष्यभराची पुंजी गुंतते आणि पंचाहत्तरीनंतर तो फिरवणे अवघड होते. त्यामुळे सही करण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत, याचा हा आढावा.

मागणी का वाढते आहे?

२०११च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील व्यक्तींची संख्या सुमारे १०.३८ कोटी होती. केंद्राने नेमलेल्या तांत्रिक गटाच्या अंदाजानुसार २०३६ पर्यंत ती जवळपास २३ कोटींवर जाईल. आयुर्मान वाढले, कुटुंबे लहान झाली आणि एकुलती एक मुलगी किंवा मुलगा परगावी असणे ही नेहमीची बाब झाली. दुसरीकडे, मुंबई-पुण्यातील मोक्याच्या जागी असलेल्या जुन्या सदनिकेची किंमत कोटीच्या घरात गेली आहे. म्हणजे हाताशी घर मोठे आणि आधार कमी. हीच तफावत या बाजाराने हेरली आहे.

वृद्धाश्रमापेक्षा हे वेगळे कसे?

वृद्धाश्रमात खोली किंवा खाट मिळते आणि व्यवस्था संस्थेच्या शिस्तीने चालते. ज्येष्ठांच्या संकुलात स्वत:ची सदनिका, स्वत:चे कुलूप आणि स्वत:चा दिनक्रम असतो. भोजनगृह, सफाई, परिचारिका, रुग्णवाहिका, करमणुकीचे कार्यक्रम या सेवा शुल्क घेऊन पुरवल्या जातात.

मात्र ‘संकुल’ या एकाच शब्दाखाली तीन वेगळे व्यवहार असतात. पहिला, सदनिका विकत घेण्याचा. खरेदीखत आपल्या नावे होते. पण तेथे राहणाऱ्याचे वय ५५ किंवा ६०पेक्षा अधिक हवे, अशी अट असते. दुसरा, मोठी अनामत भरून राहण्याचा. येथे मालकी मिळत नाही, फक्त राहण्याचा हक्क मिळतो. तिसरा, दरमहा शुल्क किंवा भाडे देऊन राहण्याचा. पहिल्यात पैसा अडकतो पण मालमत्ता राहते. दुसऱ्यात संस्थेची आर्थिक प्रकृती हीच आपली हमी ठरते. तिसऱ्यात बाहेर पडणे सोपे असते, पण शुल्कवाढ आपल्या हातात नसते. आपण नेमके यांतील काय घेत आहोत, हे करारातील शब्दांवरून ठरते, विक्री प्रतिनिधीच्या बोलण्यावरून नव्हे.

महारेराचे नियम काय सांगतात?

केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. त्या धर्तीवर महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी निकष निश्चित केले आणि विकासकाने ते विक्री करारात समाविष्ट करावेत, असे सांगितले. एकापेक्षा अधिक मजले असतील तर लिफ्ट, चाकाची खुर्ची आत-बाहेर नेता येईल अशी रचना, दरवाजाची रुंदी किमान ९०० मिलिमीटर, जिन्याची रुंदी किमान १५०० मिलिमीटर व दोन्ही बाजूंना कठडे, सलग १२पेक्षा अधिक पायऱ्या नकोत, न घसरणाऱ्या फरशा, न्हाणीघरात आधारदांडे, असे हे निकष आहेत.

आधीच उभ्या असलेल्या इमारती या मापात बसतीलच असे नाही. त्यामुळे पाहणीला जाताना मोजपट्टी सोबत न्यावी. न्हाणीघराच्या दाराला उंबरा आहे का, दार बाहेर उघडते का, हे पाहावे. आतल्या बाजूला उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर ते दार उघडता येत नाही.

विकत घेत असाल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक तपासावा. नोंदणीकृत विक्री करार होण्यापूर्वी विकासक किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही. मात्र रेरा कायद्याचा भर बांधकाम आणि विक्री यांवर आहे. दहा वर्षांनंतर भोजनगृह कसे चालेल किंवा रात्रपाळीला परिचारिका असेल का, याची हमी त्यातून मिळत नाही. त्यासाठी स्वतंत्र सेवा करार हवा आणि तो नीट वाचायला हवा.

महिन्याचा खरा खर्च किती?

समजा, जोडप्यासाठी जेवण, सफाई आणि देखभाल धरून महिना ३५,००० रुपये शुल्क आहे. ते दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढले, तर नऊ वर्षांत ७०,००० आणि अठरा वर्षांत सुमारे १ लाख ४० हजार रुपये होते. पासष्टीला आत गेलेल्या जोडप्याला त्र्याऐंशीव्या वर्षी ही रक्कम भरावी लागेल. तुलनेसाठी, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल ३० लाख रुपये गुंतवून ८.२ टक्के व्याज धरले, तर महिन्याला २०,५०० रुपये पडतात आणि मुदत संपेपर्यंत ती रक्कम वाढत नाही. महागाई भत्त्यासह निवृत्तिवेतन असलेल्यांना ही वाढ काही प्रमाणात पेलते. खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्यांनी अधिक काटेकोर हिशेब मांडायला हवा.

अनामतीचाही खर्च असतो. २५ लाखांची बिनव्याजी अनामत ठेवली, तर ७ टक्के दराने वर्षाला पावणेदोन लाखांचे व्याज बुडते. म्हणजे महिन्याला सुमारे १४,६०० रुपये शुल्कात मिळवूनच तुलना करावी.

विचारण्याचे प्रश्न साधे आहेत. सांगितलेल्या रकमेत जीएसटी धरला आहे का? वार्षिक वाढीला कमाल मर्यादा आहे का? गेल्या पाच वर्षांत शुल्क किती वाढले? महिनाभर मुलीकडे राहायला गेल्यास जेवणाचे पैसे वजा होतात का? मोठ्या दुरुस्तीसाठी वेगळा निधी आहे की रहिवाशांकडून ऐन वेळी वर्गणी काढली जाते?

आजारपण वाढले तर कोण पाहणार?

निर्णयाचा सर्वांत कळीचा भाग हाच. बहुतेक संकुले ‘स्वतंत्रपणे राहू शकणाऱ्या’ ज्येष्ठांसाठी असतात. आंघोळ, कपडे, जेवण, शौच यांसाठी रोज मदत लागू लागली की परिस्थिती बदलते. काही ठिकाणी त्याच आवारात सहायित निवासाचा वेगळा विभाग असतो. काही ठिकाणी आपल्या खर्चाने चोवीस तासांची केअरटेकर ठेवावी लागते. आणि काही करारांत, रहिवासी स्वतंत्रपणे राहू शकत नसल्यास त्याने अन्यत्र व्यवस्था करावी, असे कलम असते. जेव्हा आधाराची गरज सर्वाधिक, तेव्हाच घर सोडण्याची वेळ यावी, यासाठी कोणी तेथे जात नाही. त्यामुळे हे कलम आधी शोधावे. विस्मरणाचा आजार झाल्यास काय, हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारून उत्तर लेखी घ्यावे.

‘डॉक्टर ऑन कॉल’ या शब्दांवर समाधान मानू नये. रात्री दोन वाजता आवारात प्रशिक्षित परिचारिका असते का, घंटी वाजवल्यावर किती मिनिटांत माणूस येतो, रुग्णवाहिका स्वत:ची आहे की १०८ला दूरध्वनी करून वाट पाहायची, हे विचारावे. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर गुठळी विरघळवणारे औषध साधारणत: साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, जितके लवकर, तितके चांगले. म्हणून केवळ जवळचे रुग्णालय किती किलोमीटरवर, एवढे पुरेसे नाही. मेंदूचे सीटी स्कॅन आणि हृदयाची अँजिओप्लास्टी चोवीस तास होणारे रुग्णालय पावसाळ्यातील शुक्रवारी संध्याकाळी किती वेळात गाठता येते, हे एकदा प्रत्यक्ष गाडीने जाऊन पाहावे. डोंगरकुशीतील निसर्गरम्य जागेचे मोल तेव्हा कळते.

जोडीदार गेल्यानंतर काय?

शंभरातील बहुतेक जोडप्यांत कोणी तरी एक मागे राहतो आणि आपल्याकडे ती बहुधा पत्नी असते. एका व्यक्तीचे शुल्क दोघांच्या निम्मे नसते, कारण देखभालीचा भाग सदनिकेवर आकारला जातो. ३५,०००चे २४-२५ हजार होऊ शकतात. त्याच वेळी उत्पन्न मात्र अधिक घटते. सरकारी सेवेत कुटुंब निवृत्तिवेतनाचा सर्वसाधारण दर मूळ वेतनाच्या ३० टक्के आहे, तर निवृत्तिवेतन ५० टक्के असते. म्हणून हिशेब दोघांचा न मांडता एकीचा मांडावा. अनामतीचा करार एकाच्याच नावे असेल, तर दुसऱ्याचा राहण्याचा हक्क आपोआप चालू राहतो का, हेही पाहावे. करार दोघांच्या नावे करणे हा सोपा उपाय आहे. पत्नीचे वय अटीपेक्षा कमी असेल तर हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा.

बाहेर पडल्यास पैसे किती परत? वारसांना काय मिळते?

अनामतीतून दरवर्षी काही टक्के कपात होते का, उरलेली रक्कम किती दिवसांत मिळते आणि ‘नवा रहिवासी आल्यानंतर’ अशी अट आहे का, हे तपासावे. शेवटची अट असेल, तर परतावा अनिश्चित काळ लांबू शकतो. संस्था आर्थिक अडचणीत आली तर अनामतदाराच्या हाती मालमत्ता नसते, फक्त येणे असते. त्यामुळे संस्थेचे लेखापरीक्षित ताळेबंद मागायला संकोच करू नये.

विकत घेतलेल्या सदनिकेचे गणित वेगळे. मृत्युपत्राने ती मुलाला मिळेल, पण तो पंचेचाळीस वर्षांचा असेल तर तेथे राहू शकणार नाही. विकायची झाल्यास ग्राहकही ज्येष्ठच हवा. साहजिकच खरेदीदार कमी आणि विक्रीला वेळ अधिक. या काळात रिकाम्या सदनिकेचे देखभाल शुल्क वारसांना भरावे लागते. पुनर्विक्रीवर कंपनी किमतीच्या काही टक्के शुल्क घेते का, ते करारात पाहावे. गुंतवणूक म्हणून या घराकडे पाहणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

वातावरण कसे पारखावे?

एका दुपारच्या फेरफटक्यात काही कळत नाही. अनेक संकुलांत काही दिवस पैसे देऊन राहता येते. किमान आठवडाभर, शक्य तर पावसाळ्यात राहावे. रोजचे जेवण जेवून पाहावे. पहिल्या दिवशीची बासुंदी सर्वत्र चांगलीच असते. सदनिकेत स्वयंपाक करण्याची मुभा आहे का, मासे-मटण चालते का, उपवासाचे व पथ्याचे वेगळे मिळते का, नातवंडे किती दिवस राहू शकतात, हे प्रश्न वरवर किरकोळ वाटतात. पण रोजच्या जगण्यातील कुरबुरी याच गोष्टींवरून होतात.

व्यवस्थापनाचा माणूस सोबत नसताना चार-पाच जुन्या रहिवाशांशी बोलावे. ‘गेल्या वर्षी कोणी आजारी पडले तेव्हा काय झाले?’ हा एक प्रश्न पुरेसा असतो. वॉकर किंवा चाकाच्या खुर्चीतील माणसे भोजनगृहात, कट्ट्यावर दिसतात का? ती कोठेच दिसत नसतील, तर एक तर ती खोल्यांत बसून आहेत किंवा त्यांना जावे लागले आहे. कर्मचारी रहिवाशांना नावाने हाक मारतात का आणि त्यांतील किती जण दोन वर्षांपेक्षा जुने आहेत, यावरून व्यवस्थापनाचा अंदाज येतो. रहिवाशांची समिती आहे का, शुल्कवाढीत तिला मत आहे का, हेही विचारावे.

कोणासाठी योग्य, कोणासाठी नाही?

आधार देणारे शेजारी, ओळखीचे डॉक्टर, चालत जाता येईल अशी बाजारपेठ आणि वर्षानुवर्षांचा मित्रमंडळींचा कट्टा असेल, तर तो सोडण्यापूर्वी दहादा विचार करावा. न्हाणीघरात आधारदांडे, जेवणाचा डबा, अर्धवेळ केअरटेकर एवढ्यावर आहे त्या घरी राहणे अनेकांना शक्य असते आणि स्वस्तही पडते. उलट, एकटेपणा, घर चालवण्याचा वाढता ताण, लिफ्टविना दुसरा-तिसरा मजला आणि जवळ कोणीच नाही, अशी स्थिती असेल तर संकुल खरोखर जीवनमान सुधारू शकते. अशांनी मात्र हातपाय चालते असतानाच जावे. नव्या ओळखी करायला उमेद लागते. पडझड झाल्यानंतर घाईत घेतलेल्या निर्णयात निवडीला वाव राहत नाही.

मधला मार्गही आहे. इमारत पुनर्विकासाला गेली असेल, तर त्या दोन-तीन वर्षांत विकासकाकडून मिळणाऱ्या भाड्याच्या रकमेत काही भर घालून अशा संकुलात राहून पाहता येते. पुनर्विकास नसेल, तर जुने घर वर्षभर भाड्याने देऊन तेथे भाड्याने राहावे. वर्ष संपेपर्यंत जुने घर विकू नये आणि मुलांच्या नावेही करू नये. बक्षीसपत्र करायचेच असेल, तर आपला सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहावी. तशी अट असल्यास आणि ती पाळली न गेल्यास, २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम २३नुसार न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्दबातल ठरवू शकते.

दाद कोठे मागता येते?

बांधकाम, ताबा आणि विक्री करारातील सुविधांबाबत महारेराकडे. पैसे घेऊन सेवा न दिल्यास ग्राहक आयोगाकडे; मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. मार्गदर्शनासाठी १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. सही करण्यापूर्वी विक्री करार आणि सेवा करार या दोन्हींच्या प्रती घरी आणून, विकासकाशी संबंध नसलेल्या वकिलाला दाखवाव्यात. प्रत घरी न्यायला नकार मिळाला, तर त्या संकुलाविषयी आणखी काही तपासण्याची गरज उरत नाही.