सोर्समधून अ‍ॅप बसवताना

नव्याने आकार घेत असलेल्या ओपन सोर्स अ‍ॅपला डाउनलोडचं बटण बहुधा नसतं. असतो तो सोर्स कोड, एक रीडमी फाइल आणि ०.२ किंवा ०.३ असा आवृत्ती क्रमांक. शून्याने सुरू होणारा हा क्रमांक म्हणजे यात अजून काहीही बदलू शकतं, ही विकसकांनी आधीच दिलेली सूचना. नोंदी ठेवण्याचं असंच एक पायथॉन अ‍ॅप मी अलीकडे लिनक्सवर बसवलं.

गिट क्लोन करून कोड उतरवला की हात लगेच पुढच्या कमांडकडे जातो. त्याआधी दोन फाइली नीट वाचाव्यात: रीडमी आणि पायप्रोजेक्ट डॉट टॉमल. दुसरीत पायथॉनची किमान आवृत्ती आणि लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी असते. या अ‍ॅपला पायसाइड ६ लागत होतं, म्हणजे क्यूटी ही खिडक्या-बटणांची लायब्ररी पायथॉनमधून वापरण्याची सोय. थोडक्यात, पडद्यावर दिसणारं सगळं क्यूटीचं.

मग व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे या एका अ‍ॅपपुरत्या लायब्रऱ्यांचा वेगळा फोल्डर. ही सोय २०१२पासून, पायथॉन ३.३पासून, भाषेसोबतच येते. डेबियन १२ या लिनक्सवर ती टाळून थेट पिप, म्हणजे पायथॉनच्या लायब्रऱ्या बसवणारं साधन, चालवलं, तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असं सांगून पिप नकार देतं. कारण रास्त आहे. सिस्टीमची कितीतरी साधनं त्याच पायथॉनवर चालतात. आपल्या अ‍ॅपसाठी तिथली एखादी लायब्ररी बदलली, तर ती साधनं बंद पडू शकतात. हा नकार डावलणारा फ्लॅग सर्रास सुचवला जातो. तो वापरू नये.

एन्व्हायर्नमेंट सुरू करून पिप इन्स्टॉल चालवलं, तेही एडिटेबल पद्धतीने. या पद्धतीत कोडची प्रत दुसरीकडे जात नाही. उतरवलेल्या फोल्डरमधलाच कोड चालतो; त्यात केलेला बदल अ‍ॅप पुन्हा उघडताच दिसतो.

सगळं सुरळीत बसलं आणि अ‍ॅप उघडलंच नाही. टर्मिनलवर क्यूटीची एरर आली. तिच्या शेवटाकडची एक ओळ सुचवते की अ‍ॅप पुन्हा बसवून पाहा, आणि बहुतेक जण तेच करत बसतात. खरं कारण सर्वांत वरच्या ओळीत असतं: क्यूटी ६.५पासून लिब-एक्ससीबी-कर्सर-० ही सिस्टीमची लायब्ररी लागते. ती पायथॉनची नव्हे, म्हणून पिप ती आणत नाही. एप्ट या सिस्टीमच्या पॅकेज साधनाने ती टाकली आणि खिडकी उघडली. एरर वरून खाली, शब्दन् शब्द वाचायची सवय या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

यानंतरची तपासणी मराठीची. जोडाक्षरं, वेलांट्या, रफार क्यूटी नीट जुळवतं. शोध मात्र अडखळला. ‘दऱ्या’ हा शब्द एका नोंदीत डोळ्यांसमोर होता, तरी शोधात सापडेना. युनिकोडमध्ये ऱ दोन प्रकारे साठवता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी ते वेगळे. त्या नोंदीतला मजकूर दुसरीकडून चिकटवलेला होता आणि त्यात दुसरा प्रकार होता. पायथॉनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमध्ये यावर थेट उपाय आहे. शोधाचा शब्द आणि नोंदीचा मजकूर, दोन्ही एनएफसी या युनिकोडच्या एकाच ठरावीक रूपात आणून मग तुलना करायची. तेवढा बदल केला, अ‍ॅप पुन्हा उघडलं आणि ‘दऱ्या’ सापडल्या.

मराठी न वाचणाऱ्या विकसकाला हा दोष स्वतःहून दिसण्याची शक्यता फार कमी. अशा अ‍ॅपचे कर्ते बहुतेकदा एक-दोघेच असतात, आणि त्यांच्यासमोर असतो त्यांचाच संगणक, त्यांचीच भाषा. आपल्या संगणकावर काय अडलं, हे आपण सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही.

म्हणून सोर्समधून एखादं अ‍ॅप बसवाल तेव्हा ते चाललं एवढ्यावर थांबू नका. त्यात मराठी लिहा, शोधा, छापून पाहा. काही अडलं तर ऑपरेटिंग सिस्टीम, पायथॉनची आवृत्ती, दिलेली कमांड आणि संपूर्ण एरर अशा चार गोष्टींची नोंद विकसकांना कळवा. अ‍ॅप लहान असतानाच मराठीची गरज सांगितली, तर ती पूर्ण करणं सोपं असतं. पुढे नोंदींच्या हजारो फाइली साठल्यावर तीच दुरुस्ती अवघड होऊन बसते.